खा, असं तुम्ही म्हणाला नव्हतात

काका, काल तुमचं तेरावं झालं. या तेरा दिवसांत मी तुमच्याबद्दल निदान सतरा खोट्या गोष्टी गावाला सांगितल्या असतील. होळकरांच्या रिसाल्यात दफेदार असताना तुम्ही एका बिथरलेल्या घोडीच्या कानात काहीतरी पुटपुटलात आणि ती देवासपर्यंत मान खाली घालून चालत गेली, ही त्यातली सगळ्यात लहान. लोक स्मशानातून परत येतात तेव्हा त्यांना ऐकायला काहीतरी लागतं, आणि मी बोलायला लागलो की मला ब्रेक नसतो. "वसंता, तुझ्या जिभेला लगाम नाही, नुसती रिकीब आहे. जी गोष्ट येते ती पाय टाकून चढते," असं तुम्हीच म्हणायचात.

अठरावी गोष्ट खरी आहे. ती तुम्हाला ठाऊक आहे, तरी तुम्हालाच सांगतोय. तुम्ही असताना सांगायची हिंमत झाली नाही.

नवं राज्य होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. राजधानी भोपाळला गेली म्हणून सगळं इंदूर मानपान न मिळालेल्या व्याह्यासारखं रुसून बसलं होतं. तुमचा रिसाला तर त्याआधीच मोडला होता. तुम्ही पोलोग्राउंडच्या एका कारखान्याच्या दारात टाइमकीपर म्हणून बसायचात. खाकी कोट तोच, मिशा त्याच, फक्त हातात लगामाऐवजी खिशातलं घड्याळ. कारखान्याचा भोंगा आणि तुमचं घड्याळ यांत फरक पडला तर मजूर भोंग्याला शिव्या द्यायचे.

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो आणि मोहल्ल्यातल्या झाडून सगळ्या मंडळांचा सेक्रेटरी होतो. नंदू माझ्याच वर्गात, आमच्या मागच्या चाळीत राहायचा. त्याचे वडील सखारामभाऊ मिलमध्ये विणकर. त्या वर्षी दसऱ्यानंतर त्यांच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, सॅनेटोरियममध्ये न्या, इंजेक्शनं सुरू करा, आणि लवकर करा. लवकर करायला घरात काही नव्हतं. एवढीच गोष्ट होती, तिला मी कधी तिखटमीठ लावू शकलो नाही.

आदल्या वर्षी गावात एक सायकलवाला तंबू ठोकून गेला होता. तीन दिवस तो सायकलवरून उतरला नाही. सायकलवरच जेवला, दाढी केली, दात घासले. माझ्या सांगण्यात तर त्याने सायकलवरच साखरपुडासुद्धा उरकला होता. लोकांनी त्याच्या सदऱ्याला नोटा टोचल्या होत्या. मी नंदूला म्हटलं, "भिया, तू रोज कॉलेजात येतोस ते काय कमी आहे? सखारामभाऊंसाठी अपन पण करू." आणि सल्ला घ्यायला दोघं तुमच्याकडे आलो.

तुम्हाला सायकल येत नव्हती, काका. पण चालत्या पाठीवर माणूस दिवसभर कसा टिकवायचा, हे आख्ख्या माळव्यात तुमच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. तुम्ही नंदूची सायकल उभी केलीत, खूर तपासावा तसं पॅडल उचलून पाहिलंत, सीटवर हात फिरवलात आणि म्हणालात, "खोगीर खराब आहे. घोडी चांगली आहे." मग मला विचारलंत, "किती दिवस म्हणतोस?"

"तीन, काका! चार पण होतील!"

"एक. सूर्य उगवला की चढायचं, मावळला की उतरायचं. आणि पौषात."

"पौषात का?"

"दिवस लहान असतो, गाढवा. सूर्याशी पैज लावायची तर तो आखडलेला असताना लाव."

त्या क्षणी मला तुमच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, कारण लगेच तुम्ही नियम सांगायला लागलात. सायकल थांबायची नाही. पाय जमिनीला लागायचा नाही. पंच मैदानाच्या मध्ये उभा राहील आणि सूर्यास्तापर्यंत स्वाराशी एक शब्द बोलणार नाही, म्हणजे आतून मदत होते आहे असं कोणी म्हणायला नको. पाय टेकला तर शिटी. आणि शेवटचा, मला नीट आठवतो, कारण तुम्ही बोट माझ्याकडे केलं होतंत, नंदूकडे नाही: "कामावरच्या घोड्याला दाणा नाही. गुळाचं पाणी, घोट घोट. संध्याकाळी मग हत्ती खा."

महिनाभर तुम्ही त्याला तयार केलंत. सकाळी कृष्णपुऱ्याच्या दगडी छत्र्यांपासून निघायचं आणि राजवाड्यासमोरच्या भर बाजारातून पाय न टेकता माणसाच्या चालीने सायकल न्यायची. मागे तुम्ही घड्याळ घेऊन, तुमच्यामागे मी. समोरून टांगा, हातगाडी, वरात. एकदा तर एक गाय, दोन नवरदेव आणि वीस मण कापूस एकाच वेळी आडवे आले. बरं, एकच नवरदेव होता. नंदू सगळ्यांच्या मधून सुईतून दोरा जावा तसा गेला. तुम्ही फक्त "हं" म्हणालात. तुमचं "हं" मिळावं म्हणून तो पोरगा भिंतीवरूनसुद्धा सायकल घेऊन गेला असता.

राजवाड्याजवळच्या एका कापडवाल्या सेठजींकडे मी गेलो आणि अशी काही जीभ चालवली की त्यांनी कबूल केलं: दिवसभरात लोक जेवढं देतील, तेवढंच ते स्वतः वर घालतील. पण अखंड झालं तरच. "और पंच दफेदारसाब हों, तो मंज़ूर," ते म्हणाले, आणि मी तिथल्या तिथे तुम्हाला पंच नेमून टाकलं. दोन्ही मिळून सॅनेटोरियमचं भागणार होतं. एकट्या लोकांच्या देण्यावर भागलं नसतं. नंदूला हे माहीत होतं, तुम्हाला होतं, आणि मला सगळ्यांत जास्त.

त्या दिवशी सकाळी थंडी अशी होती की माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडायचा तो बर्फ होऊन पायावर पडायचा. चाळीमागच्या मैदानावर चुन्याची गोल रेघ, मध्ये स्टुलाशेजारी तुम्ही, गळ्यात शिटी. सूर्याची कड दिसली, तुम्ही हात खाली केलात, नंदू निघाला. सखारामभाऊंना लोकांनी खाटेसकट आणून कडेला ठेवलं होतं. पोरगा समोरून गेला की ते दर वेळी मान हलवायचे.

तासाभरात माणसं जमली, पण देणारे हात सैल होईनात. मी हातातल्या पत्र्याच्या भोंग्यातून ओरडत होतो. तेवढ्यात किराणावाल्याच्या सूनबाई पोह्यांची ताटली घेऊन रेघेपाशी आल्या. "छोरो भूको है," म्हणाल्या. माळव्यात मनवार म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. समोरच्याच्या तोंडात आपल्या हाताने घास गेल्याशिवाय इथल्या माणसाला आपण काही दिलं असं वाटतच नाही. आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. मी भोंगा उचलला: "जो देईल तो नंदूला आपल्या हाताने घास भरवील!"

नंदू हळू करत आला, ताटली पाहिली, तोंड घट्ट मिटलं. मी त्याच्या बाजूने धावायला लागलो.

"काकांनी मना केलं होतं ना?" तो म्हणाला.

"काकाच म्हणाले आत्ता. खा, लोकांचं मन मोडू नको."

त्याने वळून मध्ये उभ्या असलेल्या तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तर बोलायचं नाही असं ठरलेलं. तुम्ही गप्प उभे होतात. त्याला तो होकार वाटला. त्याने तोंड उघडलं.

पुढचं इंदूरने केलं. पोहे, जिलबी, कचोरी, गरम तेलातून काढून मसाला भुरभुरलेले गराडू कंदाचे तुकडे, दुधाच्या घट्ट शिकंजीचे पेले. माणसं रेघेवर रांग लावून उभी, घास पुढे केलेला, नंदू येतोय, आ करतोय, पुढे जातोय. "म्हारी सौगन, एक और!" चादर धरून त्याच्या बाजूने धावणारी दोन पोरं होती, चालत्या सायकलवर लघवीला लागलं तर आडोसा करायला, ती पोरंसुद्धा चरायला लागली. देणं दुपटीने वाढलं. मी भोंग्यावरून तुम्हालाही दोन-चार विनोद ऐकवले.

भर दुपारी तुम्ही मला बोटाने बोलावलंत. मी रेघ ओलांडून आलो.

"हे काय चाललंय?"

"मनवार आहे, काका. लोकांना कसं थांबवू? आणि बघा तरी, कसे देतायत!"

"मी त्याच्याशी बोलू शकत नाही. व्यवस्था तुझी आहे. थांबव."

मी "हो" म्हणालो. थांबवलं नाही. काका, मी थांबवणारच होतो, पण तेवढ्यात दाल-बाफल्याची परात आली.

तीन वाजता नंदूचा रंग उतरला. चारला तो हँडलवर वाकला आणि एक हात पोटावर गेला. आता मात्र मी भोंगा टाकला. मी ताटल्या हिसकावल्या, लोकांना मागे ढकललं, गुळाचं पाणी पुढे केलं. त्याने मान फिरवली. सेठजींचा मुनीम पुढे सरकून उभा राहिला. खाटेवर सखारामभाऊ उठून बसले होते. सूर्य हातभर वर होता. सायकल डावीकडे कलायची, सावरायची, परत कलायची. मी दर फेरीला नंदूच्या नावाने एकेका देवाला एवढं कबूल केलं की तेहतीस कोटींतले निम्मे अजून माझ्या मागावर असतील.

आणि मग तुमच्या समोरच, अगदी समोर, त्याचा डावा पाय खाली गेला. चपलेचा पंजा मातीला लागला. धुळीत बोटभर रेघ उमटली. सायकल सावरली, पुढे गेली. मुनीम पलीकडच्या बाजूला होता, त्याला दिसलं नव्हतं. लोकांतल्या कोणालाही दिसलं नव्हतं. तुम्ही पाहिलंत, आणि मी पाहिलं.

मी तुमच्याकडे बघून मान हलवली. नाही, नाही, नाही.

तुम्ही शिटी वाजवलीत.

नंदू सायकलवरून उतरला नाही, पडला. आधी त्याचं पोट रिकामं झालं. मग तो उठला, तोंड पुसलं, तुमच्यासमोर येऊन उभा राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सकाळी खा म्हणून तुम्हीच सांगितलंत. आणि शिटी पण तुम्हीच वाजवलीत."

तुम्ही त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलंत. घड्याळ बंद करून खिशात टाकायला लागतो तेवढा वेळ. मी, ज्याला शाळेपासून एकदाही कोणी गप्प बसवू शकलं नव्हतं, माझ्या पायांकडे बघत होतो.

"शिटी मी वाजवली," तुम्ही नंदूला म्हणालात. एवढंच.

सेठजींनी शब्द पाळला आणि काही दिलं नाही. लोकांचं होतं त्यात भागेना. सखारामभाऊंना सॅनेटोरियमात खाट मिळायला तीन महिने उशीर झाला. तुम्ही दर सोमवारी खाकी कोट घालून सॅनेटोरियमच्या ऑफिसबाहेर बाकावर जाऊन बसायचात, म्हणून तीन. नाहीतर किती, कोण जाणे. भाऊ परत आले ते अर्ध्या श्वासाने. मागावर उभं राहणं त्यांना जमेना. नंदूने कॉलेज सोडलं आणि त्या मागावर तो उभा राहिला. तुम्ही समोरून आलात की तो गल्ली बदलायचा. सोमवारचं मी त्याला कधी सांगितलं नाही, कारण एक सांगितलं असतं तर दुसरं विचारलं गेलं असतं.

आणि मोहल्ला? ज्या ज्या हातांनी घास भरवले होते, त्या प्रत्येकाला ती शिटी सोयीची होती. कोणाचं बनलेलं काम बिघडलं की लोक म्हणायचे, "लग गई दफेदार की सीटी." पोरं तुमच्या मागून शिट्या मारायची. आणि ही गोष्ट राजवाड्यापाशी पानाच्या ठेल्यावर सगळ्यात रंगवून कोण सांगायचं? मीच. पहिल्या वर्षी माझ्या गोष्टीत भरवणारे शंभर होते. मग वीस झाले. मग आठ. पुढे घास गळलाच, नुसती शिटी उरली.

एकदा मी ती सांगत असताना तुम्ही पान घ्यायला आलात. ऐकलंत. पैसे दिलेत आणि गेलात.

आपला वाद अकरा वर्षं चालला. "शिटी गिळता आली असती, काका." मी दर दिवाळीला फराळाच्या ताटावर म्हणायचो, जणू दोष तुमच्याकडे आहे हे वर्षातून एकदा पक्कं करून घेत होतो. तुमचं उत्तर ठरलेलं. "मला पंच कोणी नेमलं?" "मी." "का?" "तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून." "मग चकली घे."

तुमचा रागसुद्धा येतो मला. तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर त्या संध्याकाळीच सगळं उघडं पडलं असतं. माझे दोन दात पडले असते आणि तुम्हाला नंदू परत मिळाला असता. काकू आता म्हणतात, तुम्ही मला वाचवलंत. मला तसं वाटत नाही. तुम्ही मला उभं करून ठेवलंत, पहाऱ्यावरच्या शिपायासारखं, आणि बदली पाठवलीच नाहीत. तुम्ही वाट बघत होतात की मी स्वतः बोलेन. एवढा हट्टी माणूस मी पाहिला नाही. आणि माझ्यावर एवढा भरवसा ठेवणारा तर नाहीच नाही. माझ्या आईनेसुद्धा माझ्या बाबतीत अकरा दिवसांच्या वर आशा धरली नव्हती.

शेवटच्या आठवड्यात तुम्हाला बोलायला त्रास व्हायचा. मी उशाशी बसलो होतो.

"नंदू भेटतो का?"

"भेटतो की."

"बोलतोस त्याच्याशी?"

"मी काय गप्प बसतो का, काका!"

तुम्ही डोळे मिटलेत. "हो. तू बोलतोस."

ती शेवटची संधी होती. मला ती कळली होती, काका. कळली नाही असं म्हणालो तर ती एकोणिसावी होईल.

नंदू तुमच्या अंत्ययात्रेला आला नाही. चौथ्या दिवशी दुपारी, पाळी सुटताना, मी मिलच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो सायकल हातात धरून बाहेर आला, हँडलला डबा. केसांत कापूस.

"काय भिया, आज इधर कैसे?"

मी सांगितलं. वाटेत भरपूर तयारी करून आलो होतो, पण तोंडातून निघालं ते एवढंच: "खा, असं काका म्हणाले नव्हते. ते मी म्हणालो होतो."

"परत बोल."

मी परत बोललो. बाजूने मजूर चालले होते, कोणीतरी त्याला हाक मारली, त्याने ऐकली नाही.

"काकांना माहीत होतं?"

"त्याच संध्याकाळी कळलं. तुझ्याच तोंडून."

"और तू वहीं खड़ा था."

"हो."

मी सोमवारचंही सांगितलं. बाकावरचं, तीन महिन्यांचं. ते ऐकताना त्याने सायकलचा ब्रेक दाबून धरला होता, सायकल जागेवर उभी असताना.

"हट समोरून," तो म्हणाला, आणि सायकलवर न बसता ती ढकलत निघून गेला.

काल तेराव्याला अंगण भरलं होतं. पंगत बसायच्या आधी किराणावाले सुस्कारा टाकून म्हणाले, "आदमी सोना था. बस, वो एक सीटी..." आणि सगळे माझ्याकडे वळले. सवयीने. आता वसंता रंगवणार.

मी उभा राहिलो. काका, माझी गोष्ट कधी पाऊण तासाच्या आत संपल्याचं तुम्हाला आठवतं? काल ती दोन मिनिटांत संपली. पाय टेकला होता, मी पाहिला होता. घास भरवायची युक्ती माझी. तुमचं नाव मी लावलं. कोणी हसलं नाही. कोणी "फिर?" म्हणालं नाही. किराणावाल्यांच्या सूनबाई, आता त्यांचेही केस पिकलेत, पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "पेलो कौर तो म्हने दियो थो." पहिला घास खरंच त्यांचा होता. एकजण उठून चप्पल घालायला लागला आणि मग का कोण जाणे परत बसला.

नंदू दारात उभा होता. कधी आला, किती ऐकलं, मला माहीत नाही. तो सरळ आत गेला, तुमच्या फोटोसमोर उभा राहिला, आणि काहीतरी बोलला. तीन-चार वाक्यं असतील. ओठ हलत होते. एकदा थांबला, परत बोलला. मग त्याने फोटोसमोर डोकं टेकलं.

काकूंनी त्याला पंगतीत बसवलं. तो पोटभर जेवला. मी पाणी घेऊन गेलो, तर माझ्याकडे न बघता त्याने पेल्यावर हात ठेवला. पुढे सरकलो. उद्या त्याच्या घरी जाईन. परवाही जाईन. हात केव्हा काढायचा ते त्याचं त्याने ठरवायचं.

तो गेल्यावर सगळे माझ्याभोवती जमले. मी फोटोच्या सगळ्यात जवळ होतो ना. "क्या बोला वो? काय म्हणाला रे वसंता?"

माझ्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती, एकापेक्षा एक. एकात तर तुमचा फोटो हसलासुद्धा होता.

"ऐकू आलं नाही," मी म्हणालो.